आमची वाटचाल: सुतासुताने ठरणारं पॉकेट

आमच्या फर्मची सुरुवात जिमखान्यांतल्या स्नूकर टेबलांचं कापड बदलण्यापासून झाली. घरच्या पूल टेबलांचं काम पुढे वाढत गेलं. स्लेट (कापडाखालची दगडी फरशी), रबर, कापड दोन्हीकडे ओळखीचं. पॉकेटचं गणित मात्र अगदी निराळं. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, आणि कुशनचं, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीचं, टोक गोलाई देऊन पॉकेटकडे वळवलेलं. अमेरिकन पूलचा बॉल ५७.१५ मिमी, म्हणजे सव्वादोन इंच. तिथे कुशनचं टोक सरळ कापतात आणि त्यावर रबरी पट्टी चिकटवतात, तिला फेसिंग म्हणतात. इंग्लिश पूल याहून तिसरंच: टेबल सहसा सात फुटी, बॉल दोन इंची, पॉकेट गोल जबड्याचं आणि साडेतीन इंचांच्या आसपास. त्यामुळे घरून चौकशी आली की आधी बॉल कोणता ते विचारतो, लांबी-रुंदीचं नंतर. इंग्लिश टेबलावर सव्वादोन इंची बॉल टाकले तर मोकळी जागा जेमतेम सव्वा इंच उरते, आणि घरातली मुलं आठवड्याभरात क्यू (खेळायची काठी) भिंतीला टेकवून ठेवतात.

आता अमेरिकन पूलमध्ये 'साडेचार इंची पॉकेट' म्हणजे नेमकं काय मोजायचं? कुशनचं नाक (पुढे आलेली कड) जिथे संपून टोक आत वळतं, त्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर, म्हणजेच पॉकेटचं तोंड. लाकडापासून किंवा पॉकेटच्या कातड्यापासून मोजलं तर आकडा भलताच येतो. कॅलिपर नसेल तर दोन बॉल शेजारी शेजारी तोंडात ठेवा. नेमके बसले की तोंड बरोबर साडेचार इंच. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत कोपऱ्याचं पॉकेट साडेचार इंच ते साडेचार इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि मधलं पाच इंच ते पाच इंच एक सूत सांगितलं आहे. मधलं मोठं ठेवतात कारण तिथे बॉल बहुतेक वेळा तिरका येतो, आणि तिरक्या बॉलला तोंड अरुंदच भेटतं.

पण तोंडाचा आकडा म्हणजे निम्मीच माहिती. उरलेली निम्मी फेसिंगच्या कोनात आणि शेल्फमध्ये असते, आणि विकणारे याबद्दल क्वचितच बोलतात. कोपऱ्यात कुशनची रेघ आणि फेसिंग यांच्यातला कोन १४२ अंश हवा, एखादा अंश इकडे-तिकडे चालतो. १३५ अंशांना दोन्ही फेसिंग समांतर होतात. १४२ ला प्रत्येक बाजू सात अंश आत झुकते, म्हणून साडेचार इंचांचं तोंड दोन इंच आत गेल्यावर साधारण चार इंचांवर येतं. कोन १४५-१४६ झाला तर आतला गळा आणखी आवळतो. मग बॉल एका फेसिंगवरून दुसऱ्यावर, तिथून परत बाहेर. तोंड मोठं दिसतं, तरी पॉकेट बॉल थुंकतं. मधल्या पॉकेटचा कोन १०४ अंशांचा असतो.

शेल्फ म्हणजे तोंडाच्या रेघेपासून स्लेटची कड संपेपर्यंतचं अंतर. कोपऱ्यात एक ते सव्वादोन इंच, मध्ये शून्य ते तीन सूत. शेल्फ खोल असेल तर फेसिंगला लागलेला बॉल स्लेटवरच घुटमळतो आणि तोंडात उभा राहतो. कड जवळ असेल तर तोच बॉल पडतो. स्लेट कारखान्यात कापून येते, घरी ती बदलता येत नाही. म्हणून शेल्फ आगाऊ विचारून घ्या, लेखी घ्या.

घरासाठी आमची शिफारस आता पक्की आहे: कोपरा पावणेपाच इंच, मधलं सव्वापाच, फेसिंग एक सूत जाडीची. पाहुणे, मुलं, आजोबा सगळ्यांना खेळता येतं आणि चुकीचा फटका चुकीचाच राहतो. पुढे हात बसला की फेसिंग काढून दोन सुतांची एकसंध, कडक पट्टी लावायची. दोन्ही बाजूंना एकेक सूत वाढलं की तोंड पाव इंचाने कमी होऊन साडेचारवर येतं, आणि दोन सूत ही नियमात बसणारी कमाल जाडी आहे. यासाठी रेलचं (कुशन बसवलेल्या लाकडी कडेचं) कापड पॉकेटपाशी उचलावं लागतं, म्हणून हे काम कापड बदलायच्या वेळीच उरकावं.

याहून तंग हवं असेल तर पट्ट्यांवर पट्ट्या चढवू नका. आम्ही दुरुस्तीला घेतलेल्या टेबलांत हा प्रकार वरचेवर दिसतो. जाड थर मऊ पडतो, बॉल त्यात रुततो आणि परत फेकला जातो. योग्य रीत म्हणजे रेलच्या आतल्या लाकडाला टोकाशी तुकडा जोडायचा, पूर्ण लांबीचं नवं रबर लावायचं आणि कोन पुन्हा कापायचा. खर्च जास्त येतो, पण टेबल टेबलासारखं खेळतं. सव्वाचार इंच आम्ही फक्त रोज सराव करणाऱ्यांना देतो. एक लक्षात घ्या, सात फुटी टेबलावर अंतरं कमी असल्याने तेच पॉकेट नऊ फुटीपेक्षा सोपं वाटतं. सात फुटीवर साडेचार इंच मुळीच कडक नाही.

खोलीचं थोडक्यात: सात फुटी टेबलाचा खेळायचा भाग ३९ बाय ७८ इंच. ५८ इंची क्यू चारी बाजूंनी फिरायला १३ फूट बाय सव्वासोळा फूट लागतात, मागे हात न्यायला थोडं वर. फ्लॅटमध्ये ४८ इंची क्यूवर भागवावं लागतं.

कोकणात आणि मुंबईत रेलचं आतलं लाकूड आम्ही पक्कं सुकवलेलंच घेतो. एमडीएफ दमट हवेत फुगतं, स्टेपल सुटतात, पॉकेटपाशी कापड सैल पडतं आणि त्या सुरकुतीवर बॉल अडतो. फेसिंगचा गोंद सुटला तर बॉल लागताना भद्द असा आवाज येतो. कोन तपासण्याआधी तो ऐका.

टेबल लागल्यावर आधी रेलचे बोल्ट आवळून घ्या, मगच मोजा. बोल्टच्या भोकात थोडी ढील असते, रेल जरा सरकली की समोरासमोरची दोन मधली पॉकेटं कमी-जास्त होतात. सहाही पॉकेटं कापड चढवल्यावर मोजायची, कारण कापड दोन्ही फेसिंगवर येतं. आम्ही दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य करतो. नंतर कुशनला चिकटलेला बॉल हळू, मध्यम आणि जोरात मारून पाहतो: हळू आणि मध्यम पडला पाहिजे, जोरातला उडाला तर ते ठीकच. कापड बदललं की हेच मोजमाप पुन्हा करा, जुन्या गोंदाचे थर खरवडले नसतील तर तोंड दर वेळी थोडं आवळत जातं.