चाकांवरचे घर आणि शेरू

केरीपासून दक्षिणेला पोळेपर्यंत मोटरहोमने गोव्याचा किनारा उतरत जाताना हिशेब ठेवावा लागतो तो रस्त्याच्या रुंदीचा, कारण समुद्राकडच्या वाटा चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळतात आणि समोरून बस आली की मागे सरकण्यावाचून गत्यंतर नसते. वाळूत गाडी नेण्यास बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यासही मनाई असल्याने आमची शेगडी गाडीतच पेटते. फोडणी पडली की माझा कुत्रा शेरू दारातून हलत नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि वाळूखालचे घरटे कुत्र्याचे नाक सहज हुडकू शकते. म्हणून तेथे त्याने कितीही ओढ घेतली तरी मी पट्टा सोडत नाही. (त्याच्या मते हा शुद्ध अन्याय आहे.) दुपारी वाळूवर पालथा हात ठेवून पाहतो, चटका बसला तर फिरणे संध्याकाळवर जाते. खारे पाणी आणि वाळू त्याच्या बोटांच्या बेचक्यांत राहून कातडी सोलवटते, त्यामुळे टाकीतले बरेचसे गोडे पाणी त्याचे पाय धुण्यातच संपते.