वर्गात वाढदिवसाला काय द्यावं?

‘मॅडम, उद्या वाढदिवस आहे, वर्गात काय देऊ?’ हा प्रश्न मला बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी येतो. तोवर विचारणाऱ्यांनी खाऊ आणलेलाही असतो, माझ्याकडून फक्त ‘चालेल’ ऐकायचं असतं. तुम्ही आधीच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खाऊ कोणता, हे नंतर. आधी शिक्षकांना विचारून घ्या: वर्गात मुलं किती, कोणाला काय चालत नाही, आणि बाहेरचा खाऊ आणायला शाळेची परवानगी आहे का. शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडं, गहू, सोयाबीन, तीळ, यातल्या कशाची ना कशाची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल वर्गात असू शकतं. काही मुलांना अंगावर पुरळ येण्यावर भागतं, काहींचा मात्र काही मिनिटांत श्वास अडकतो. म्हणून मला घरी केलेल्या खाऊपेक्षा बंद पाकिटातला खाऊ बरा वाटतो. तुमच्या हाताच्या चवीबद्दल शंका नाही. पण पाकिटावर घटकांची यादी असते, आणि ब्रँडनुसार तिच्याखाली बारीक अक्षरात ‘यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ अशी एखादी ओळही असते. मी नेमकी तीच ओळ शोधते. डब्यातल्या लाडवावर ती कुठून वाचणार?

आणि हो, सॅनिटायझर चोळला की झालं, असं समजू नका. तो जंतू मारतो, पण हाताला लागलेलं शेंगदाण्याचं प्रथिन तिथंच राहतं. त्याला साबण आणि पाणीच लागतं, नाहीतर निदान ओले वाइप्स.

आता केक. केक आणू नका असं मी म्हणत नाही, पण तो वर्गात कसा खाल्ला जातो ते एकदा बघायला हवं. कापायला सुरी, ती माझ्याच हातात. मग प्लेटा, मग ‘तिला गुलाब मिळाला, मला का नाही?’ मुलं आधी वरचं क्रीम बोटानं चाटून घेतात, खालचा केक दोनदा दाबून बघतात आणि तसाच बाकावर ठेवून देतात. ज्याचा वाढदिवस, तो बिचारा रिकामा खोका धरून उभा. शिवाय क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. सकाळी दिलेला केक शेवटच्या तासाला कापायचा म्हटलं की हे गणित बसत नाही. मला विचाराल तर एकाच हातात मावेल, कापावं लागणार नाही आणि दोन मिनिटांत संपेल असंच काहीतरी द्या. साधं बिस्किट, छोटा मफिन, एखादं फळ. फळावर नाक मुरडलं जाईल असं पालकांना वाटतं. पण सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढे ठेवल्या की कोणी नाक मुरडत नाही, हे मी रोज डब्याच्या सुट्टीत बघते.

मुलं अगदी लहान असतील, बालवर्गातली, तर घशात अडकणाऱ्या गोष्टी सरळ वगळा: कडक गोळ्या, पॉपकॉर्न, अख्खे दाणे. द्राक्षं द्यायचीच असतील तर उभी चार तुकड्यांत चिरून. आडवी चिरली तरी ती गोलच राहतात आणि गोल वस्तू घशात घट्ट बसते. फुगेही त्याच कारणासाठी नकोत; फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जायला वेळ लागत नाही.

साखरेबद्दल तर सगळेच विचारतात. गोड खाल्लं की मुलं चेकाळतात ना? यावरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 1995 साली निघाला, त्यात साखरेचा वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग मला फार आवडतो: काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती, तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. वाढदिवसाला वर्ग उसळतो तो वाढदिवसामुळे. दातांचं मात्र खरं आहे. चिकट गोळ्या आणि टॉफ्या दाताला धरून बसतात, म्हणून त्या मला नकोत.

खाऊच नको असेल तर पेन्सिल, खोडरबर चालतं. वर्गाच्या कपाटासाठी एखादं गोष्टीचं पुस्तक, पहिल्या पानावर मुलाचं नाव लिहून, ही कल्पना उत्तम. फक्त त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडावं असं मुलांना वाटतंच, तेव्हा पुस्तकासोबत एकेक स्टिकर द्या. भरगच्च पिशव्या मात्र कृपा करून नकोत. तुम्ही दिलीत की पुढच्या महिन्यात वाढदिवस असलेल्या मुलाच्या घरी त्यावरून रडारड होते, आणि सगळ्यांना ते झेपेलच असं नाही.

वाटप मुलाच्याच हातून होऊ द्या. त्यासाठी घरी एकदा ‘एकेकच द्यायचं’ असं बजावून ठेवा, कारण जिवलग मित्राला दोन द्यायचा मोह प्रत्येकालाच होतो. गैरहजर मुलांचा वाटा माझ्याकडे राहू द्या. संख्येपेक्षा तीन-चार नग जास्त पाठवा, एखादा जमिनीवर पडतोच. टिश्यू आणि कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत असली तर फारच बरं. आणि वाढदिवस सुट्टीत येत असेल तर आधीचा किंवा नंतरचा कुठलाही दिवस सांगा, मी वहीत लिहून ठेवते.