सॉल्ट प्रिंटची नोंद: मीठ की हायपो?

मागच्या नोंदीत सॉल्ट प्रिंटसाठी, म्हणजे मीठ आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर उन्हात छाप उमटवण्यासाठी, कागद तयार करण्यापर्यंत आलो होतो. आता छाप नीट उमटतात, म्हणून या वेळी पुढच्या पायरीबद्दल लिहितो: उमटलेली प्रतिमा टिकवायची कशी? माझ्या मते सुरुवातीच्या फोटोग्राफीचा खरा झगडा हाच होता. चांदीचे क्षार उजेडाने काळे पडतात हे अठराव्या शतकातच कळलं होतं. १८०२ मध्ये टॉमस वेजवूड आणि हम्फ्री डेव्ही यांनी पानांचे ठसे कागदावर आणि चामड्यावर उमटवल्याचं प्रसिद्ध झालं. पण ते ठसे उजेडात ठेवले की सगळंच काळं! ते अंधारात जपून ठेवावे लागत.

इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने यातून जी वाट काढली, ती करून पाहिल्याशिवाय पटत नाही. कागद आधी मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून वाळवायचा आणि मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं. मी मीठ २ टक्के आणि सिल्व्हर नायट्रेट १२ टक्के ठेवतो. (हातमोजे आणि चष्मा हवाच. त्वचेवरचे डाग जातात, डोळ्याची इजा जात नाही.) उमटवून झालं की तोच कागद मिठाच्या दाट द्रावणात बुडवायचा. थोडं मीठ कागदाला उजेडाची जाण देतं आणि जास्त मीठ तीच जाण मंद करतं. टॅल्बटला हे हाताने काम करता करता उमगलं, आणि त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं. लेकॉक अ‍ॅबी या आपल्या घराच्या खिडकीची त्याची १८३५ मधली निगेटिव्ह जेमतेम टपाल तिकिटाएवढी आहे. नवी असताना भिंगातून तिच्यातल्या जवळपास २०० काचा मोजता येत होत्या, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

मी एकाच नेच्याच्या पानाचे छाप घेऊन काही मिठात टाकले, काही हायपोत, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात. मिठातल्यांची पार्श्वभूमी जांभळट झाली, पान फिकट राहिलं. दिसायला फारच सुंदर, पण काळे पडणं थांबलेलं नाही, फक्त संथ झालंय. खिडकीजवळ ठेवलेल्या छापावर पानाच्या बारीक शिरा आता पार्श्वभूमीत विरघळायला लागल्यात.

हायपोचं काम वेगळं. तो उरलेलं सिल्व्हर क्लोराइड विरघळवून कागदातून बाहेरच काढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने हा गुण १८१९ मध्येच नोंदवला होता. १८३९ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची बातमी आली, तेव्हा हर्शेलने तो लगेच छायाचित्रांवर वापरला आणि टॅल्बटलाही सांगितला. म्हणजे फोटोग्राफी जाहीर व्हायच्या वीस वर्षं आधीपासून तिचं उत्तर रसायनशास्त्रात पडून होतं!

हायपोत टाकण्याआधी छाप मिठाच्या अगदी सौम्य पाण्यात धुतो. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते पूर्ण नितळ होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मग हायपोत गेल्या गेल्या जांभळट तपकिरी छाप विटकरी होतो आणि बराच उजळतो. म्हणून उन्हात तो हवा त्यापेक्षा गडदच काढावा, सावल्यांवर किंचित कांस्याची झाक येईपर्यंत. वाळल्यावर रंग पुन्हा जरा खोल जातो.

खरी मेहनत त्यानंतरच्या धुण्यात आहे. हायपो कागदात राहिला तर त्यातलं गंधक हळूहळू चांदीवर चढतं आणि प्रतिमा पिवळी पडते. जुन्या छायाचित्रकारांना याने इतकं छळलं, की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये खास समिती नेमली. अपुरं धुणं हे फिकट पडण्याचं मोठं कारण, असा तिचा निष्कर्ष होता.

या कामाने जुने फोटो बघायची माझी नजर बदलली. सॉल्ट प्रिंट भिंगाखाली धरा: प्रतिमा कागदाच्या तंतूंमध्येच मुरलेली दिसते, वर चकाकता थर नसतो. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये ती अंड्याच्या पांढऱ्याच्या थरात असते आणि तंतू त्या थराखाली दिसतात. कडा पिवळ्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर बाहेरच्या हवेने आधी कडा गाठल्या असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे ठिगळं ठिगळं उडाली असतील, तर माझा पहिला संशय धुण्यावर.

पुढचं काम सोन्याच्या टोनिंगचं, म्हणजे सोन्याच्या क्षाराने छापाचा रंग बदलण्याचं. त्याच पानाचे छाप गोल्ड क्लोराइडमध्ये टोन करून, मग हायपो देऊन, अर्धे काळ्या कागदाखाली झाकून उन्हात ठेवणार आहे. कुणी कागदाला जिलेटिनऐवजी स्टार्चचं सायझिंग (कागदाचं शोषण कमी करणारा लेप) करून टोनिंग केलं असेल, तर रंग किती थंड, म्हणजे निळसर, आला ते जरूर कळवा.