वॉल्टरच्या खिशातलं नाणं

लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’च्या पहिल्या अंकाची तालीम होती. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं हे नाटक, शिकागोच्या साउथ साइडमधल्या यंगर कुटुंबाचं. बापाच्या विम्याचे १०,००० डॉलर यायचेत आणि घरातला प्रत्येक जण ते मनातल्या मनात खर्च करून बसलाय. मुलगा वॉल्टर दुसऱ्याची गाडी चालवतो, त्याला दारूचं दुकान टाकायचंय. बहीण बेनीथाला डॉक्टर व्हायचंय. आई लीना आणि सून रूथ यांना स्वतःचं घर हवंय.

वॉल्टर करणारा नट पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत होता. या भूमिकेत हे हमखास होतं, कारण वाचताना भांडणंच डोळ्यांत भरतात. पण सकाळी न्याहारीलाच आवाज फुटला, तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी वॉल्टरचा दुकानातला भागीदार बोबो पैसे बुडाल्याची बातमी आणतो तेव्हा चढायला जागा उरत नाही. रूथही मग नुसती कटकटी बायको वाटते.

प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, अजून आलेली नव्हती, सगळे हवेतच पैसे देत होते. मी तालीम थांबवली आणि खरी नाणी मागवली. प्रसंग असा: छोटा ट्रॅव्हिस शाळेसाठी ५० सेंट मागतो, रूथ नाही म्हणते. वॉल्टर ऐटीत खिशात हात घालून देतो, वर आणखी ५० सेंट देतो. देताना त्याची नजर पोरावर नसते, बायकोवर असते. ही नजर संहितेत लिहिलेली आहे आणि हातात नाणं नसेल तर ती नटाला सापडत नाही. पुढे भांडून बाहेर पडलेला वॉल्टर लगेच परत येतो, कारण कामावर जायला त्याच्याकडे भाडंच उरलेलं नाही. रूथ पर्समधून पैसे काढून देते.

इथे रूथ करणारी नटी म्हणाली, “म्हणजे माझ्याकडे होते की!” त्या दिवसाची तालीम या वाक्यावर फिरली. तिचा नकार कंगालीचा नाही, राखून ठेवण्याचा आहे. हीच बाई पुढे गर्भ पाडण्यासाठी पाच डॉलर आगाऊ देऊन येते. नकार त्या हिशेबाने आला की तो हळू आवाजातच येतो, आणि वॉल्टरला ओरडण्याचं कारणच राहत नाही. भाडं देताना ती त्याला चिमटा काढते, पण मायेने. तिथे टोमणा मारला की प्रवेश मेला. न्याहारीच्या बशीतली अंडी मात्र वॉल्टरला खाऊ देऊ नयेत: तोंडात घास असला की शब्द जातात, आणि निवत चाललेली भरली बशी प्रेक्षकाला दिसायलाच हवी.

नंतर सगळ्यांना जमिनीवर बसवून मोठ्या रकमेचा हिशेब करायला लावला. (नट मंडळी आकडे पाठ करतात, बेरीज करत नाहीत.) लीना घरासाठी ३,५०० आगाऊ भरते. उरलेले ६,५०० ती वॉल्टरच्या हाती देते, त्यातले ३,००० बेनीथाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवायचे असतात. म्हणजे वॉल्टरच्या स्वतःच्या वाट्याला ३,५०० येतात, घराला गेले तेवढेच. आईने त्याला कमी दिलेलं नाही. हे कळल्यावर वॉल्टर करणाऱ्या नटाच्या बोलण्यातली चिडचिड गेली. बोबोच्या प्रवेशात बुडालेले पैसे बहिणीचेही आहेत, हे ओझं तिथे आवाजापेक्षा जास्त काम करतं.

त्या प्रवेशात लीना मुलाच्या तोंडावर मारत सुटते आणि तिला आवरायला बेनीथा पुढे होते. जिचे ३,००० गेले तीच. आमची बेनीथा दाराशी उभी होती, तिथून धावत यावं लागायचं आणि ते नाटकी दिसायचं. तिला टेबलाच्या कडेला आणली. आता दोन पावलं पुरतात, आणि पहिलं पाऊल ती उशिरा टाकते.