देवबागच्या काठावरचा पाऊण तास

जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारला जोडून मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, बाजारातली खरेदी हे सगळं झालं. गर्दी प्रचंड होती आणि मला गर्दी सोसत नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहावंसं काही उरलं नाही. लिहायचंय ते देवबागच्या खाडीकाठाबद्दल. डॉल्फिन बघायला निघालेली आमची होडी सुटेपर्यंत तिथे जो पाऊण तास गेला, त्याबद्दल.

देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि टोकाशी दोन्हींचा संगम. होड्या खाडीतून निघून या मुखातूनच समुद्रात जातात. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी ओळखीच्या नाखव्याला सांगून ठेवलं होतं. उजाडता उजाडता पोचलो, तर तो गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीच्या मागच्या फळीपाशी वाकलेला.

तो बूच लावत होता. होडी काठावर ओढून ठेवली की तळात साचलेलं पाणी जावं म्हणून हे बूच काढून ठेवतात. सकाळी ते लावायचं राहिलं किंवा सैल राहिलं, तर होडी वेगात असेपर्यंत कळतही नाही. थांबली की मात्र भरायला लागते. त्याने बूच आवळलं, आत चढला, तळावर पालथा हात फिरवला, थोडा वेळ थांबला आणि परत फिरवला. तळवा कोरडा निघाल्यावरच पुढच्या कामाला लागला.

मग पेट्रोल. त्याचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, 50 ला 1 या मापाने. कॅनमधून टाकीत ओतताना त्याने टाकीच्या तोंडाला फडकं धरलं आणि कॅनच्या तळाचं थोडं पेट्रोल मुद्दाम शिल्लक ठेवलं, कारण पेट्रोलमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते तळाशी बसतं. एवढ्याशा फेरीला इतकं पेट्रोल कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "एक वाटो जावक, एक वाटो येवक, एक वाटो दर्याचो." वारा फिरला, ओढ वाढली, दुसऱ्याची होडी ओढून आणायची वेळ आली, तर तो तिसरा वाटा.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आम्ही चपला हातात घेऊन तयारच होतो, पण तो इंजिनाच्या मागे बघत राहिला. तिथून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतंय याची ती खूण. त्या दिवशी ती धार ठिबकल्यासारखी येत होती. त्याने इंजिन बंद केलं, बारीक तार घेतली आणि भोकातली वाळू कोरून काढायला बसला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेवटी धार करंगळीएवढी जाड झाली, लांब पडायला लागली, तेव्हा त्याची मान हलली. वेळ गेला तो यातच.

तेवढ्यात आमच्यामागे आठ जणांचा एक ग्रुप येऊन थांबला होता. त्यांची कुरकुर सुरू झाली. आम्हा तिघांबरोबरच त्या सगळ्यांना घ्या, जास्त पैसे देतो, असा आग्रह. नाखवा म्हणाला, "सहाच माणसां. सातवो इलो तर मी उतरतंय." ते चिडले आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या होडीत बसून निघूनही गेले. त्यांच्यात दोन लहान मुलं होती, आणि एकाच्याही अंगावर जाकीट नव्हतं. मला त्या होडीवाल्याचा राग आलाच, पण घाई करून त्याला भाग पाडणाऱ्यांचा जास्त आला.

हा राग उगाच नव्हता. याच किनाऱ्यावर तारकर्लीला मे 2022 मध्ये स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात, 18 डिसेंबर 2024 ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली होती. बुडालेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर जाकीट नव्हतं. बायको ते विसरू शकत नव्हती, येण्याआधी तिने मला बजावलंही होतं.

म्हणून नाखव्याने आमच्या मुलीला जाकीट घातलं तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. "बाय, हात वर कर बघया." पट्टे आवळले, पायांमधून जाणारा पट्टा लावला, आणि खांद्यांपाशी धरून जाकीट वर खेचलं. ते तिच्या कानांपर्यंत सरकलं. त्याने ते काढून दुसरं, लहान मापाचं आणलं आणि परत खेचून पाहिलं. सैल जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

निघायच्या आधी वल्ही, नांगर, दोर, पाणी उपसायची बादली यांवरून नजर फिरवली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. होडीच्या आतल्या बाजूला तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर रंगाने लिहिलेला होता. काठावर उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला परतायची वेळ सांगितली. इंजिनाला लावलेली लाल दोरी मनगटात अडकवली. नाखवा पाण्यात पडला तर ती सुटते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं, नाहीतर फिरत्या पंख्यासकट होडी त्याच्याच अंगावर यायची.

"तेरस आसा. पावणेधाक पूर्ण भरती. भरतीतच जावया, भरतीतच येवया." तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: तेराची पाऊणपट पावणेदहा. ओहोटीला खाडीचं पाणी मुखातून बाहेर धावतं, समोरून लाटा येतात, आणि त्या दोघांच्या मध्ये लहान होडी चांगलीच हापटते. शिवाय दुपारी खारा वारा वाढतो. सकाळीच बोलावण्याचं कारण हे होतं, डॉल्फिन नंतर.

डॉल्फिन दिसले, तीन-चार पाठी, लांबून. साडेनऊच्या आत काठावर होतो. ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. मुलीने बरोबरच्या तिळाच्या वड्या दिल्या, त्या घेतल्या.

संध्याकाळी त्याच्या होडीबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मोबाइलवर वाचलं. एकाने दोनच तारे दिले होते: काठावर उगाच ताटकळत ठेवतात, माणसं कमी घेतात. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या खाली बूच, पेट्रोल, पाण्याची धार, मुलीचं जाकीट, सगळं एकेक करून लिहिलं, आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी याच होडीत बसावं, तासभर हाताशी ठेवून यावं, असंही लिहिलं.