एकतीस खांबांचे अंतर

आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, दप्तराच्या कपाटाशेजारच्या भिंतीवर, एक पांढरी पेटी बसवलेली आहे. तिच्यावरचा दिवा हिरवा असला की फायबरचे इंटरनेट चालू आहे आणि तांबडा झाला की वाटेत कुठेतरी केबल तुटली आहे, हे दाखला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आता ठाऊक झाले आहे. त्या पेटीपासून आमच्या वाडीपर्यंत विजेचे एकतीस खांब आहेत. ते मी स्वतः चालत जाऊन मोजले. सरळ रेषेत हे अंतर दीड किलोमीटरच्या आसपास भरेल. वाटेत एक पऱ्या, एक घाटी आणि जुन्या आंब्यांची राई आहे. ही पेटी बसून बरीच वर्षे झाली, आणि त्या एकतीस खांबांवरून एक बारीक काळी वायर आमच्या घरापर्यंत येण्याची वाट आम्ही अजून पाहत आहोत.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या आधी दोन दिवस, आम्ही डोंबिवलीहून संगमेश्वर तालुक्यातल्या या घरी आलो ते इथेच राहिलो. पुण्यामुंबईचे प्रकाशक मला पुस्तकाची पाने पाठवतात आणि मी दुरुस्त्या करून ती परत पाठवते. साध्या मजकुराचे पुस्तक असेल तर घराच्या मागच्या पडवीत मिळणाऱ्या रेंजवर ते कसेबसे जाते. चित्रांचे पुस्तक आले की मात्र लॅपटॉप पिशवीत घालून वरच्या कातळावर जावे लागते. गेल्या श्रावणात लहान मुलांच्या एका पुस्तकाची दोनशे एमबीपेक्षा मोठी फाईल पाठवायची होती. कातळावरच्या गुराख्यांच्या खोपीत मी बसले होते, फोन छपराच्या वाशाला बांधून ठेवला होता, आणि निळी पट्टी सरकत सरकत ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊन थांबत होती. सर आली की रेंज जाई आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागे. तीन वेळा असे झाल्यावर चौथ्या वेळी फाईल गेली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती आणि घरी सासूबाई कंदील घेऊन अंगणात उभ्या होत्या.

हे एकट्या माझे गाऱ्हाणे नाही. आमच्या वाडीतला बागायतदार पुण्यातल्या ग्राहकाला हापूसच्या पेटीचे छायाचित्र पाठवण्यासाठी त्याच कातळावर येतो, बारावीची मुले तिथेच बसून अर्ज भरतात, आणि रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्र चालत नसले की दुकानदार ते हातात धरून रस्त्यावर उभा राहतो. ज्या कामांसाठी पूर्वी देवरुखला जावे लागत असे ती आता ऑनलाइन झाली आहेत, हे खरे आहे. परंतु ती करण्यासाठी जर पुन्हा देवरुखलाच जावे लागत असेल, तर गावातल्या माणसाची खेप काही वाचलेली नाही.

गावोगावी फायबर नेण्याचा निर्णय आजचा नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली, त्यालाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या आणि प्रत्येकीला १०० एमबीपीएस वेगाची जोडणी द्यायची, असे उद्दिष्ट होते. काम दोन वर्षांत व्हायचे होते. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडले. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले, महाराष्ट्रात ते महानेट या नावाने झाले. मग ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. यासाठीचा पैसा मुख्यतः ज्या निधीतून येतो त्यात दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलाचा ठरावीक हिस्सा भरतात, म्हणजे फोन वापरणारा प्रत्येक जण, आमच्या वाडीतलाही, त्यात आपला वाटा घालत आला आहे.

या सगळ्या वर्षांत मोजणीचे एकक ग्रामपंचायत हेच राहिले आणि माझे म्हणणे नेमके याच्याविषयी आहे. पेटी भिंतीवर बसली, दिवा हिरवा झाला की ती पंचायत जोडली गेली असे धरले जाते. देशावर हे बऱ्याच प्रमाणात चालून जाते. तिथे गावठाण एकवट असते. चावडी, शाळा, देऊळ आणि घरे एकमेकांना लागून असतात, आणि पंचायतीत आलेली वायर गल्लीतल्या घरांपर्यंत नेणे ही थोडक्या मेहनतीची बाब असते. कोकणातले गाव असे नसते. आमच्या एका महसुली गावात अकरा वाड्या आहेत, कोणी नदीकाठी, कोणी डोंगराच्या कुशीत, आणि दोन वाड्या तर अशा की पावसाळ्यात तिथे जायला साकवावरूनच जावे लागते. जनगणनेच्या यादीत गाव असते, वाडी नसते. सुधारित कार्यक्रमात पंचायतीच्या पलीकडच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायचे म्हटले आहे, पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायचेही म्हटले आहे, आणि घर हा शब्द अखेर त्या आराखड्यात आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमचे गाव कागदावर आधीच जोडलेले आहे. वाडीला स्वतंत्र नोंदच नसेल, तर तिची मागणी कोणत्या रकान्यात लिहायची?

तांत्रिक अडचण म्हणाल तर एकतीस खांब म्हणजे काहीच नाही. या प्रकारच्या जाळ्यात एका धाग्यातला प्रकाश वाटेत विभागून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना देता येतो, विभागणाऱ्या त्या छोट्या डबीला वीजही लागत नाही, आणि प्रकाश वीस किलोमीटरपर्यंत सहज पोहोचतो. तालुक्यात जोडण्या देणारा एक तरुण आहे, त्याच्याकडून मी हे समजून घेतले. मागच्या वर्षी रस्त्याच्या रुंदीकरणात केबल तुटली तेव्हा तो मोऱ्यांच्या वळणावर जोडकाम करत होता आणि मी तिथे तासभर उभी राहून ते पाहिले. आधी एका यंत्राने केबलमध्ये प्रकाश सोडून त्याने तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते काढले होते. मग काळे वेष्टण सोलून आतला केसासारखा काचेचा धागा त्याने स्पिरिटने पुसला, टोक सरळ कापले आणि दोन्ही टोके यंत्राच्या खाचेत समोरासमोर ठेवली. लहानशा पडद्यावर ती ओंडक्यांएवढी मोठी दिसत होती. क्षणभर ठिणगी पडली आणि दोन ओंडक्यांचा एक झाला. वर पाऊस भुरभुरत होता, मोटारसायकलला बांधलेली छत्री त्याने यंत्रावर धरायला मला दिली होती, आणि त्या वेळात आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही. शेवटी जोडावर नळी सरकवून ती तापवून घट्ट बसवली आणि मगच त्याने श्वास सोडला.

“काकू, पंधरा घरं द्या मला,” तो म्हणाला. “पंधरा घरं झाली की आठवड्यात वायर ओढतो.”

त्याचा हिशेब मला पटला. खांबांवरून वायर नेण्याची परवानगी, केबल, प्रत्येक घरातली पेटी आणि राऊटर, शिवाय वर्षभराची दुरुस्ती हे सगळे त्याला महिन्याच्या शुल्कातून भागवायचे असते. आंब्याची फांदी पडली की वायर तुटते, माकडे तिच्यावरून झोके घेतात, वणव्यात ती वितळते. इतक्या लांबवर तीन घरांसाठी येणे त्याला परवडणार नाही, आणि त्याने तोट्यात यावे अशी अपेक्षा मी करणार नाही.

अडचण आहे ती पंधरा घरांची. आमच्या वाडीत चौतीस घरे आहेत; त्यांतली बारमाही उघडी चौदा, बाकीच्या वीस घरांना कुलपे. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला पालखी घरी यायची असते तेव्हा येतात, मे महिन्यात आंबे उतरवायला येतात, आणि पुन्हा कुलूप लागते. उघड्या चौदा घरांपैकी पाच घरांत केवळ म्हातारी माणसे आहेत आणि दरमहा चारपाचशे रुपये भरणे त्यांना जड आहे. म्हणून मागणीप्रमाणे जोडणी हा नियम जसाच्या तसा लावला, तर आमच्याकडे मागणी नाही असेच उत्तर निघते. मला हा नियमच अपुरा वाटतो. रस्ता करताना त्या रस्त्यावरून रोज किती गाड्या जातील हे आम्हाला कोणी आधी विचारले नव्हते. रस्ता झाला आणि मग गाड्या आल्या.

याचा अनुभव आम्ही २०२० मध्ये घेतलेला आहे. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या मंडळींनी कित्येक वर्षे बंद असलेली घरे उघडली, कौले परतली, परसात भाजी लावली. आमच्या वाडीत त्या पावसात तीस घरांतून धूर निघत होता. पुढे कार्यालयांनी घरून काम करा म्हटले तेव्हा तरुण मुलांनी आठवडाभर कातळावर बसून पाहिले आणि ती एकेक करून निघून गेली. त्यांना मुंबईची ओढ होती असे नव्हे. माझ्या चुलत दिरांना मी गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, वर्षातले बारा दिवस येतो आम्ही, त्याला इंटरनेट कशाला हवं?” त्यांचा मुलगा बाजूलाच होता. तो फोन घेऊन म्हणाला, “काकी, तिथे नेट असेल तर मी अख्खा मे महिना तिथूनच काम करीन, आणि आजीही एकटी राहणार नाही.” बापलेकांच्या या दोन उत्तरांपैकी नियमाच्या हिशेबात आज फक्त वडिलांचे उत्तर धरले जाते.

मोबाईलचा मनोरा उभारला की काम भागेल, असे पुष्कळ जण सुचवतात. मनोऱ्याने बोलणे होईल, आणि ज्या गावांत तेवढेही नाही तिथे तो आधी हवा. पण आमच्या दऱ्याखोऱ्यांत डोंगराची एक सोंड आडवी आली की पलीकडची वाडी सावलीत जाते, आणि मनोऱ्यालाही खरा वेग मिळायचा तर त्याच्या पायथ्याशी फायबरच यावे लागते. २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेला. माझ्या पडवीत दुपारच्या वेळी तेवढाही मिळत नाही.

सुधारित आराखड्यातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी केबल तालुक्यापासून एकामागून एक पंचायतींकडे सरळ जात असे, त्यामुळे एका ठिकाणी ती तुटली की पुढची सगळी गावे बंद पडत. आता ती वर्तुळात न्यायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर प्रकाश दुसऱ्या बाजूने येईल. पण हे वर्तुळ आखताना आमच्याकडचा नकाशा नीट पाहावा. आमच्या खोऱ्यात येणारा रस्ता एकच आहे. त्याच रस्त्याच्या त्याच चरातून जाणारी आणि येणारी अशा दोन्ही केबली टाकल्या, तर एक दरड किंवा एक जेसीबी दोन्ही तोडेल. मागच्या खिंडीतून विजेचे खांब पलीकडच्या खोऱ्यात उतरतात. दुसरी बाजू तिथून नेली तरच ते वर्तुळ खरे ठरेल. शिवाय विजेचा प्रश्न आहेच. जुन्या लँडलाइनला तारेतूनच वीज मिळायची, त्यामुळे वादळात गावची लाईट गेली तरी फोन लागत असे. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. पंचायतीतल्या पेटीला आणि घरातल्या राऊटरलाही बॅटरी हवी, नाहीतर जून-जुलैत, जेव्हा डॉक्टरांना निरोप पाठवण्याची सर्वांत अधिक गरज असते, तेव्हाच ती बंद असेल.

या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडला. गावाचे नाव लिहून थांबायचे नाही, असे आधीच ठरवले होते. अकराही वाड्यांची नावे, प्रत्येक वाडीतली उघडी आणि बंद घरे, आणि पंचायतीपासून तिथपर्यंतचे खांब असे तीन रकाने केले. खांब मोजायला शाळेतली मुले गेली होती. साकवापलीकडच्या वाडीचे सत्तेचाळीस भरले. ठराव एकमताने मंजूर झाला, ग्रामसेवकांनी त्याची प्रत पंचायत समितीकडे पाठवली आणि एक प्रत माझ्याकडे आहे.

ठरावाचे उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर पंधरा घरांची यादी पुरी करण्याच्या मागे मी आहे. उघड्या घरांतली नऊ नावे मिळाली. मुंबईच्या मंडळींपैकी चौघांनी वाडीतल्या आपल्या घरासाठी वर्षाचे शुल्क भरण्याची तयारी दाखवली, त्यात माझ्या दिरांचा मुलगा एक. त्याने आजीच्या खोलीत राऊटर कुठे बसेल हेही विचारून घेतले. तेरा झाली. गणपतीत वीसच्या वीस कुलपे निघतील, गौरीच्या दिवशी तर एकही घर बंद नसेल. वही आणि ठरावाची प्रत मी पिशवीत भरून ठेवली आहे. आरत्यांना घरोघरी जाणे होईलच, तेव्हा उरलेली दोन नावे मागायची आहेत.