पालथं पडून मारलेली पटाशी

त्या शनिवारी मी जखमी जवानांना सुतारकाम शिकवायच्या शेडवर पोचलो तेव्हा हवालदार माझ्या आधीच येऊन थांबले होते. नेहमीसारखे खुर्चीत नव्हते. चाकांच्या लांब ट्रॉलीवर पालथे पडले होते. छातीखाली दोन उशा, हनुवटी कडेच्या बाहेर, लघवीची पिशवी बाजूच्या दांडीला अडकवलेली. पुढची मोठी चाकं दोन्ही हातांनी फिरवत ते वॉर्डातून इथवर आले होते, आणि तेही पावसातून. पाठीवर टाकलेला रेनकोट निथळत होता. मला बघून म्हणाले, "उस्ताद, आज सुट्टी मागायला आलो न्हाई. हात चांगलं हायेत की माझं."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. मी फौजेतला नाही. भोसरीच्या एका फाउंड्रीत ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर शनिवार इथे देतो. माझ्याबरोबर फर्निचर डिझाइन शिकलेली एक मुलगी येते, आणि शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेले एक सर. तिघांनाही पगार नाही, चहा मिळतो आणि तो फौजी चहा असतो, म्हणजे साखर विचारून घालत नाहीत.

पुण्यात जखमी सैनिकांना कामधंदा शिकवणं ही जुनी गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या जवानांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत निघाली, पुढे पुण्यात आली, ती आजही खडकीत आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. मणक्याला इजा झालेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली, एकाहत्तरच्या युद्धानंतर उभं राहिलं. आमची शेड यातल्या कुठल्याच मोठ्या नावाची नाही. पत्रा गळतो, लाईट जाते, आणि सागवान विकत घेणं परवडत नाही म्हणून आम्ही भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी आणतो. जुन्या लाकडात खिळे मोडून बसलेले असतात, रंध्याचं पातं खातात. पण एकदा वरचा काळा थर निघाला की खालून जे लाकूड येतं ते आज कुठल्या वखारीत मिळायचं नाही.

हवालदारांना काश्मीरमध्ये पाठीत गोळी लागली. डॉक्टरांच्या भाषेत डी-टेन, म्हणजे पाठीतल्या दहाव्या मणक्याच्या पातळीची इजा. बेंबीच्या पातळीपासून खाली काही कळत नाही. छाती, खांदे, हात मात्र शाबूत, आणि हात असे की पहिल्या दिवशी त्यांनी करवत धरली तेव्हा मूठ सैल करा म्हणून मला सांगावं लागलं. गाव माण तालुक्यातलं. घरी बैलगाडीची चाकं दुरुस्त होताना लहानपणी बघितलेली, एवढंच सुतारकाम त्यांना माहीत.

कळत नाही म्हणजे काय, हे मला इथे आल्यावर समजलं. मांडीवर पटाशी पडून पायात रुतली तरी पत्ता लागत नाही, रक्त दिसलं तर कळतं. म्हणून इथे खुर्चीत बसून काम करणारा प्रत्येक जण वेल्डर वापरतात तसलं चामड्याचं ॲप्रन मांडीवर घेतो. खुर्चीत हवेची उशी असते, तिला धारेचं टोक लागलं की ती बसते, आणि ती बसली की माणूस थेट लाकडी बैठकीवर आल्यासारखा होतो. सगळ्यात वाईट म्हणजे बसून राहणं. आपण खुर्चीत सतत चुळबुळ करत असतो, ते शरीर स्वतःच सांभाळत असतं. यांचं शरीर तसं सांगत नाही. बैठकीच्या हाडाखाली रक्त पोचेनासं होतं आणि कातडी आतून मरायला लागते. म्हणून दर पंधरावीस मिनिटांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, जरा वेळ तसंच धरायचं आणि परत बसायचं. सुरुवातीला मला वाटायचं, या लोकांना कंटाळा येतोय.

आदल्या शनिवारी हवालदार चौरंगाच्या पायात खाच पाडत होते. गणपतीला वॉर्डात नवा चौरंग बसवायचा असं त्यांचंच ठरलेलं. खाच पाडताना माणूस हरवतो. पटाशी सरळ, ठोका, ढलपी उपसून काढ, परत ठोका. एका कडेवरून दुसऱ्या कडेला जाईपर्यंत मान वर करवत नाही. त्या दिवशी हवालदारांनी अंग उचलायचं विसरून सगळी सकाळ काढली. शिवाय कुसवाचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेचा, एक कापलेला तुकडा, पेरभर लांबीचा, ॲप्रनवरून घरंगळून त्यांच्याखाली गेला. रात्री सिस्टरना लाल खूण दिसली. दाबली तरी पांढरी होईना, सकाळपर्यंत जाईना. म्हणजे आत इजा झाली. आता ती भरेपर्यंत बसायचं नाही. झोपायचं, आणि तेही पोटावर.

हे सगळं मी त्या शनिवारी शेडच्या दारात उभा राहून ऐकलं. सर म्हणाले, "मग आज नुसते बघत पडा. मी तुम्हाला पॉलिशचं शिकवतो." हवालदारांनी उत्तर दिलं नाही. अर्धी पडलेली खाच असलेला तो पाय कोपऱ्यात उभा होता, तिकडे बोट केलं.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्या दिवशीची सगळी अडचण तिथूनच सुटली. वडील गावात जमिनीवर बसून सुतारकाम करायचे. बाक नव्हता, लाकूड आवळून धरायला वाइस नव्हता. फळी एका टाचेखाली दाबायची, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं आणि बोटांनी टोक धरायचं, हात हत्याराला मोकळे. त्यांची करवत ओढताना कापायची. आमच्या शेडमध्ये हे सगळं उलटं असतं. आमच्या एका सॅपरचा, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतल्या जवानाचा, पाय सुरुंगावर पडून गुडघ्याखाली गेलेला. तो कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवतो, सतरंजीवर बसतो आणि उरलेल्या एका पायानं लाकूड धरतो, त्याचं भागतं. पण ज्याला दोन्ही पाय असून नसल्यासारखे, त्यानं काय करायचं? बाकाला वाइस लावला तरी खुर्चीतून रंधा ढकलायला गेलं की खुर्ची मागे सरकते. ब्रेक लावला तर धड पुढे कोसळतं, कारण पोटाचे स्नायू धरत नाहीत. मग एक हात बाकाला धरून राहतो. म्हणजे सुतार एकहाती होतो. आम्ही ओढून चालणाऱ्या जपानी करवती आणल्या, रंधा उलटा धरून स्वतःकडे ओढायला शिकवला, खुर्ची पट्ट्यानं बाकाला बांधली. त्यानं काम जमायला लागलं, पण तो एक हात पूर्ण मोकळा कधी झाला नाही.

हवालदार पालथे पडले होते, आणि त्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. कशालाही धरलेले नव्हते.

डिझायनर मुलीच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. तिनं टेप काढला आणि हवालदारांच्या खांद्यापासून मुठीपर्यंत माप घेतलं, मग कोपर वाकवायला लावून परत घेतलं. "काका, काम यांच्या छातीच्या खाली पाहिजे," ती म्हणाली. "हातभर खाली." यंत्रं ज्यातून येतात तसलं पाइनचं एक खोकं पडलेलं होतं. ते उपडं घातलं, वर जाड फळी स्क्रूनं आवळली. आता लाकूड धरणार कोण? मी फळीवर दोन गुटके ठोकले, चौरंगाचा पाय मध्ये ठेवला आणि एका बाजूनं पाचर मारली. वडिलांच्या टाचेचं काम पाचरीनं केलं. खोकं ट्रॉलीच्या समोर सरकवलं, ट्रॉलीच्या चाकांना विटा लावल्या.

पहिले काही ठोके वाईट गेले. हातोडी उचलली की मनगट ट्रॉलीच्या कडेला लागायचं. खोकं वीतभर पुढे घेतलं. मग मान दुखायला लागली, तेव्हा सरांनी कपाळाखाली टेकायला टॉवेलची गुंडाळी दिली, ती हवालदारांनी फेकून दिली. "डोकं टेकल्यावर दिसणार काय?" मग त्यांनी उशा सरकवून छाती थोडी वर घेतली, लाकडी हातोडी मुळापासून न धरता मध्यावर धरली, आणि ठोके लहान केले. लहान ठोके, पण जागच्या जागी.

पायाची जाडी ३६ मिलिमीटर होती, म्हणून खाच १२ ची. कुसू जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं ठेवायचं, हा जुना हिशोब आहे, त्यापेक्षा जाड केलं तर खाचेच्या भिंती फुटतात. खुर्चीतून काम करताना हवालदारांची खाच नेहमी स्वतःकडे कलायची. बाक छातीला लागायचा, पटाशी डोळ्यांच्या उंचीला यायची आणि ती सरळ आहे की तिरकी हे बाजूनं कळायचं नाही. आता ते वरून बघत होते. शिवाय शेवटची साफसफाई, जी हातोडीनं करायची नसते, पटाशी नुसती दाबून पापुद्रा काढायचा असतो, ती करायला खांद्याचा भार लागतो. खुर्चीत तो भार टाकायला ते घाबरायचे, कारण पुढे गेलं की परत यायचं कसं. इथे छाती टेकलेली होती. पडायला जागाच नव्हती. दोन्ही हातांनी पटाशी धरून त्यांनी खांदा सोडला आणि खाचेच्या कडेवरून पापुद्रा अख्खा, न तुटता वर आला. त्यांनी तो बोटावर घेतला, उजेडात धरला आणि शिवी हासडली. कौतुकाची शिवी होती. शेडमधल्या सगळ्यांना ती कळली, मल्याळी बोलणाऱ्यालासुद्धा.

मध्येच पाहुणे आले. अशा ठिकाणी पाहुणे येतात, फळं आणतात, फोटो काढतात, त्यात वाईट काही नाही. पण पालथ्या माणसाचा फोटो कसा काढायचा हे त्यांना समजेना. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "आमच्यासाठी तुम्ही पेटकरांसारखेच." मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक आणलं, भारताचं पहिलं. माणूस मोठाच. पण व्हीलचेअरवरच्या प्रत्येकाला त्यांचं नाव ऐकवायची जी सवय लोकांना आहे, तिचा हवालदारांना वीट आलाय. ते म्हणाले, "साहेब, मला पोहता येत न्हाई. त्यो गुण्या जरा हिकडं सरकवा." गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. गृहस्थांनी गुण्या म्हणून पाना उचलला.

दिवाळीतल्या स्टॉलवरही हेच होतं. मागे एका बाईंनी डुगडुगणारा पोळपाट घेतला. मी म्हटलं, बाई, हा हलतोय, दुसरा घ्या. तर म्हणाल्या, असू दे, जवानानं केलाय ना. हवालदारांनी त्यांच्या हातातून तो परत मागून घेतला आणि स्टॉलखाली टाकला. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. पोळी लाटताना जो हलतो तो पोळपाट कुणीही केलेला असला तरी वाईटच.

अर्ध्या तासानं सिस्टर आल्या. शेडच्या दारातून त्यांनी बघितलं आणि मी मनात तयारी केली. त्या केरळच्या, मराठी उत्तम, आवाज ड्रिल उस्तादासारखा. आधी त्यांनी पिशवीची नळी दबलेली नाही ना ते तपासलं. मग बरगडीखाली हात घालून उशी चाचपली, गुडघे आणि पायाचे अंगठे ट्रॉलीला घासत नाहीत ना ते पाहिलं, कारण पालथं पडल्यावर तिथे तीच इजा होते जी बसल्यावर बैठकीला. अंगठ्यांखाली त्यांनी स्वतःच्या हातानं फोम सरकवला. मग मला विचारलं, "हे किती वेळ चाललंय?" मी सांगितलं. "अर्धा तास काम, मग कुशीवर. घड्याळ कोण बघणार?" शेडमध्ये कोणी उत्तर देईना. घड्याळ बघायचं तर काम करताना बघायला हवं, आणि आदल्या आठवड्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सॅपर म्हणाला, मी बघतो. त्यानं दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून चावीचं घंटीवालं घड्याळ आणलं. आता ते दर वीस मिनिटांनी वाजतं, आणि त्याबरोबर शेडमधल्या सगळ्या खुर्च्यांमधली माणसं एकदम उचलली जातात. नवा माणूस दचकतो.

दुपारपर्यंत हवालदारांनी दोन पायांच्या खाचा पुऱ्या केल्या. मान आखडली होती, तोंड लाल झालं होतं, बोलताना धाप लागत होती. पालथं पडून काम करणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मोठी फळी त्यावर रंधता येत नाही, लांब करवत चालत नाही. पण खाचा, कोरीव काम, लहान डबे, चमचे हे होतं. पुढच्या शनिवारी खुर्चीत बसणाऱ्यांपैकी आणखी एकानं ट्रॉली मागितली. त्याला जखम नव्हती. त्याला नुसते दोन्ही हात मोकळे हवे होते. सिस्टरनी आधी नकार दिला, मग डॉक्टरांना विचारलं, मग सह्या घेतल्या. आम्ही पाइनच्या खोक्याऐवजी उंची कमी-जास्त करता येणारा बुटका बाक केला. डिझायनर मुलीनं त्याला मध्ये अर्धगोल खाच दिली, हनुवटी अडकू नये म्हणून.

चौरंग चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी जोडला. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, सांधे घट्ट बसतात, तेवढ्यावर भुलायचं नसतं. मार्गशीर्षात तेच सांधे सैल होतात, म्हणून फेव्हिकॉल लावून वर पाचरीही मारल्या. चारपैकी एक पाय हवालदारांनी खुर्चीतून केलेला होता, जखमेच्या आधीचा. बाकीचे तीन पालथं पडून. जोडल्यावर मी हात फिरवला आणि म्हटलं, छान झालाय. हवालदारांनी ट्रॉली पुढे घेतली, गुण्या त्या एका पायाला लावला आणि मधली फट मला दाखवली. नखाएवढी होती.

"ह्यो काढा," ते म्हणाले.

मी म्हटलं, उद्या सकाळी गणपती बसायचाय, फेव्हिकॉल धरायला लागलाय. त्यांनी सॅपरला हाक मारली, ओल्या फडक्यानं कुसवाला लागलेला चिक पुसून काढायला लावला आणि कोपऱ्यातल्या वाड्याच्या चौकटीतून नवा तुकडा कापायला सांगितला. सिस्टर आठ वाजता आल्या तेव्हा ते कुशीवर पडून सॅपरला खुणा सांगत होते, कारण घंटी वाजली होती.